काटा हलला होता

मी एक जुना मीटर आहे. विजेच्या बिलाचा नव्हे आणि टॅक्सीच्या भाड्याचाही नव्हे. गाड्यांमधली वीज मोजणारा, काचेखाली काटा असलेला, एका हातात मावणारा काळा डबा. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे. मला दोन वायरी आहेत, एक तांबडी आणि एक काळी. दोन्हींवर इतक्या ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळली आहे की मूळ वायर किती उरली, हे मलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, मी फार दमलो आहे. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. माझ्या पोटात केसाहून बारीक तारेचं एक वेटोळं आहे. ते एका बाईने डोळ्याला भिंग लावून बसवलं. बसवताना ती श्वास रोखून धरायची, नाहीतर तार उडून जायची. काटा लावून झाला की ती त्यावर हलकेच फुंकर मारायची. काटा थरथरून शून्यावर येऊन थांबला की मला पुढच्या टेबलाकडे सरकवायची. तिचं तोंड मला नीट आठवत नाही. भिंगामागचा तिचा एक मोठाच्या मोठा डोळा मात्र आठवतो.

तिथून मी एका तरुण मिस्त्रीच्या हाती आलो. तो गाड्यांची वायरिंग करायचा. रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. शेजारच्या शेडमध्ये गाड्यांचे पोचे काढणारा आणि रंग मारणारा एक पत्रेवाला होता. दिवसभर त्याची ठोकाठोक चालायची आणि आमच्याकडे मात्र सगळं शांत काम. माझा मालक गाडीत डोकं घालून तासन् तास बसायचा, माझ्या वायरींच्या टोकांची एक सुई इकडे, दुसरी तिकडे टेकवायचा आणि काट्याकडे बघत राहायचा. फ्यूज गेला तर नुसता बदलून देणं त्याला ठाऊक नव्हतं. तो का गेला, हे सापडेपर्यंत तो गाडी सोडायचा नाही. त्यामुळे आणि माझ्यामुळे लोक त्याला 'काटेकोर' म्हणायचे. हळूहळू त्याचं खरं नाव मागे पडलं. त्याची बायकोसुद्धा रागावली की त्याला काटेकोर म्हणायची.

ते दिवस चांगले होते. एकदा एक मोटार आली. तिची बॅटरी रोज सकाळी मेलेली असायची. मालकाने सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी तो मला घेऊन डिकीत शिरला आणि पत्रेवाल्याला झाकण लावायला सांगितलं. आत बघतो तर डिकीतला दिवा विझलाच नव्हता. झाकण बंद झालं तरी तो लख्ख जळत होता. दोष सापडला, पण किल्ली मालकाच्याच खिशात राहिली होती. डिकीच्या आतून तो हाका मारत होता आणि बाहेर पत्रेवाला पोट धरून हसत होता. मागची सीट काढून त्याला बाहेर काढावं लागलं. ही हकिगत पत्रेवाल्याने पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली.

काम वाढलं तशी गिऱ्हाइकंही वाढली. एका आरोग्य कार्यालयाच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या. त्यांत एक छोटी पांढरी गाडी होती. ती एक नर्सबाई चालवायची. लांब लांब वस्त्यांवर जायचं, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा पुसायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. गाडीच्या मागच्या सीटवर तिची औषधांची बॅग कायम पट्टा बांधून बसवलेली असायची, एखाद्या लहान मुलासारखी. नर्सबाई माझ्या मालकाला दादा म्हणायची. तो तिला बाई म्हणायचा.

एक दिवस तिने तक्रार आणली. गाडीचे पुढचे दिवे चालता चालता डोळे मिचकावतात, म्हणाली. कधी महिनाभर काही नाही, कधी एका फेरीत चारदा. मालकाने बॅटरीची टोकं साफ केली, घट्ट आवळली, दिव्यांची सॉकेटं बदलली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी त्याने दिव्यांकडे वीज सोडणारा रिले बदलला आणि दिव्यांचा स्विच उघडून घासला. गाडी शेडमध्ये आली की इतकी गुणी वागायची की विचारू नका. दिवे लावा, इंजिन चालू करा, दार आपटा, काही होत नसे. मित्रांनो, गाडीतला सगळ्यात वाईट दोष हाच. कायमचा बिघाड बिचारा प्रामाणिक असतो. अधूनमधून होणारा बिघाड पाहुणे आले की शहाण्या पोरासारखा बसतो.

ती तिसऱ्यांदा आली, तो दिवस मला पुसता येत नाही. सकाळपासून रांगेत सात गाड्या होत्या. मालकाच्या अंगात कणकण होती आणि तो दुपारी जेवलाही नव्हता. तरी त्याने मला काढलं. माझी काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली आणि तांबडी गाडीच्या पत्र्यावर. हे अगदी बरोबर केलं होतं त्याने. गाडीत वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती पत्र्यातून. पत्रा आणि बॅटरी यांना जोडणारी एक तार असते, तिला अर्थ म्हणतात. ती धड असेल तर माझा काटा शून्यावर झोपून राहतो. काटा उठला, तर परतीच्या वाटेवर कुठेतरी अडथळा आहे.

दिवे लावलेले होते. काटा शून्यावर होता. तेवढ्यात नर्सबाईने बॅग उचलली आणि मागचं दार लावलं. गाडीला हादरा बसला आणि मी थरथरलो. एकदाच. अर्धा क्षण.

मालकाने ते पाहिलं. मी शपथेवर सांगतो, त्याची नजर माझ्यावरच होती. त्याने बोटाने माझ्या काचेवर टिचकी मारली. टिचकी मारल्यावर काटा जागेवर येतो, तशी आमची घडणच आहे. मी शून्यावर आलो. मग तो उभा राहिला, कंबर चोळली आणि तिला म्हणाला, "बाई, गाडीत काही नाही. माझा मीटरच म्हातारा झालाय." ती हसली, दादांना ताप आहे वाटतं म्हणाली, बॅगेतून दोन गोळ्या काढून दिल्या आणि निघून गेली.

मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त काटा आहे, आणि काटा मी हलवला होता.

आठ दिवसांनी तिची गाडी दोराने ओढत आणली, ती आमच्याकडे नाही, पत्रेवाल्याकडे. पुढचा डावा भाग चेपून आत गेला होता. दिवेलागणीनंतर ती एका वस्तीवरून परत येत होती. पुलाच्या अलीकडे वळण आहे, तिथे गाडी वळलीच नाही, सरळ कठड्यावर गेली. तिच्या उजव्या हाताचा चुरा झाला होता.

पुढचं सगळं पत्रेवाल्याने ठोकाठोकीच्या मधे मधे सांगितलं. त्या दिवशी बाईने लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या. सगळे म्हणत होते की तिला डुलकी लागली. ती आधी दिवे गेले असं म्हणत होती, पण कार्यालयाच्या लोकांनी जागेवर जाऊन पाहिलं तर इंजिन चालूच होतं आणि दिवेही लागत होते. इंजिन चालू आहे म्हणजे वीज आहे, मग दिवे कसे जातील, असं त्यांचं म्हणणं. तिच्या नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. आता ती स्वतःच म्हणायला लागली होती की बहुतेक आपला डोळा लागला असेल. चौकशी होणार होती, आणि गाडी चालवून वस्त्यांवर जायचं काम तिच्याकडून कायमचं काढून घेणार, अशी बोलवा होती.

मालक ऐकत होता. हातातली वायर तो सोलत होता, ती सोलतच राहिला, पार वायर संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून पत्रेवाला ती गाडी उघडणार होता. पुढचा सगळा भाग खोलायचा, तारा बाजूला काढायच्या, पत्रे ठोकायचे. एकदा ते झालं की आत काय होतं हे कुणालाही कळलं नसतं. त्या दुपारी पत्रेवाला जेवायला गेला, तेव्हा माझा मालक मला घेऊन त्या गाडीपाशी गेला. पुन्हा तसंच, एक सुई बॅटरीवर, एक पत्र्यावर. डावा दिवा फुटला होता, उजवा शाबूत होता, तो लावला. मी शून्यावर होतो. मग त्याने बॅटरीखाली हात घालून अर्थची तार धरली आणि जराशी हलवली.

मी उठलो. दिवा गेला. त्याने हात काढला, दिवा आला, मी खाली आलो. असं त्याने तीनदा केलं. मग तो तिथेच बंपरला टेकून खाली बसला.

थोड्या वेळाने त्याने पाना आणून अर्थची तार पत्र्याला आवळणारा बोल्ट सोडवला. वरून बोल्ट घट्ट होता, चांगला चकचकीत होता. खाली मात्र पांढऱ्या रंगाचा थर होता. सहा महिन्यांपूर्वी पत्रेवाल्याने गाडीला रंग दिला, तेव्हा ती जागा झाकलीच नव्हती. रंगावरच तार आवळली गेली, कडेने गंज चढला आणि ती तार कुठेतरी टाचणीएवढ्या जागेवर टेकून राहिली. रस्ता खराब आला की सुटायची, पुन्हा टेकायची. इंजिनाची अर्थ वेगळी, जाड तारेची, ती ठणठणीत. म्हणून दिवे गेले तरी इंजिन चालूच राहिलं.

त्याच्या दुसऱ्या हातात पॉलिशपेपर होता. दोन मिनिटं घासलं असतं, बोल्ट पुन्हा आवळला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग त्याने रंगाला हात न लावता तार होती तशीच पुन्हा बसवली.

पत्रेवाला जेवून आला तेव्हा मालकाने त्याला सगळं दाखवलं आणि गाडी उघडू नकोस म्हणून सांगितलं. पत्रेवाल्याचा चेहरा उतरला. पण तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सावकाश म्हणाला, "रंग मी मारला, कबूल. पण गाडी तपासली होतीस तू. तीनदा." मालकाने मान हलवली. त्यांच्यात भांडण झालं नाही. त्या दिवशी शेजारच्या शेडमधली ठोकाठोक मात्र बंद राहिली.

मालकाने मला त्या संध्याकाळी खिशात घालून घरी नेलं. असं तो कधी करत नसे. बायकोने ताट वाढलं, त्याने हात लावला नाही. तिने कारण विचारलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं. ती शिवणाचं मशिन बंद करून त्याच्यासमोर येऊन बसली. सांगितलं तर कार्यालयाच्या सगळ्या गाड्या जातील हे तिला न सांगता कळलं. इतकी वर्षं राबून मिळवलेलं नाव जाईल, हेही कळलं. तिने विचारलं, "सांगून तिचा हात परत येणार आहे का?" तो म्हणाला, नाही. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं. सकाळी तो उठला तेव्हा त्याचा धुतलेला सदरा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला होता. सदरा ठेवून ती आपल्या मशिनवर बसली होती आणि मान वर करत नव्हती.

नर्सबाईचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. ती खिडकीपाशी बसली होती, प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवलेला. बॅग खुंटीला टांगली होती. मालकाला बसा म्हणाले, तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं. अर्थची तार कशी सैल झाली, बोल्टखाली रंग कसा होता, दिवे का गेले आणि इंजिन का चालू राहिलं. शेवटी त्याने मला खिशातून काढलं आणि म्हणाला, "त्या दिवशी काटा हलला होता, बाई. मी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं."



तिने एकच प्रश्न विचारला. "म्हणजे मी जागी होते?"

"जागीच होतात, बाई."

तिचा नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. इतके दिवस तो तिला प्रेमाने समजावत होता, की थकव्याने कुणालाही झोप लागते, मनाला लावून घेऊ नकोस. आता त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. नर्सबाईने डाव्या हाताने डोळे पुसले. माझा मालक हात जोडून काहीतरी म्हणायला लागला, तर तिने त्याला थांबवलं. "आता जा, दादा," ती म्हणाली. "तुमच्यावर चिडायचंय मला. पण आज माझ्यात त्राण नाही."

चौकशी पत्रेवाल्याच्या शेडमध्येच झाली. कार्यालयातून वाहनांचा मुख्य अधिकारी आला, सोबत कागद लिहिणारा एक कारकून. माझ्या मालकाने इंजिन चालू केलं, दिवा लावला, मला जोडलं आणि अधिकाऱ्याला म्हणाला की तार तुम्हीच हलवा. साहेबांनी बाही वर सरकवली आणि बोटांच्या टोकांनी तार हलवली. दिवा गेला. माझा काटा शून्यावरून उठला आणि बाराच्या पलीकडे जाऊन थांबला. इंजिन घरघरत राहिलं. साहेबांनी पुन्हा हलवून पाहिली, मग कारकुनालाही हलवायला लावली. मग त्यांनी विचारलं की हे मिस्त्रीला आधी कळलं नव्हतं का. मालकाने जे बाईंना सांगितलं होतं तेच शब्द पुन्हा सांगितले, आणि कारकुनाने ते लिहून घेतले. ते कागदावर उतरताना मालक माझ्याकडे बघत होता. पत्रेवालाही आपणहून पुढे आला आणि रंगाचं सांगून मोकळा झाला.

बाईवरचा ठपका गेला. कार्यालयाच्या गाड्या महिनाभरात दुसरीकडे जायला लागल्या, त्यांच्या मागोमाग इतर बरीच गिऱ्हाइकंही गेली. काटेकोर म्हणून हाक मारणारे लोक थोडे ओशाळायला लागले, मग ते नाव त्यांनी सोडूनच दिलं. रिकाम्या शेडमध्ये मालक माझ्या वायरींना नवीन चिकटपट्टी गुंडाळत बसायचा. मित्रांनो, खरं सांगितलं की मन हलकं होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. माझ्या मालकाचं झालं नाही. त्याला रोज कामावर यावं लागत होतं, तेवढंच.

दीड वर्षाने नर्सबाई आली. तिने स्वतःची जुनी गाडी घेतली होती, आणि वस्त्यांवर जायचं कामही तिला परत मिळालं होतं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, म्हणून डाव्या हाताने इंजेक्शन द्यायला ती शिकली होती. मालक उठून उभा राहिला, काय बिघडलंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काही बिघडलं नाही. मला तपासायला शिकवा. कुणावर सोपवून निर्धास्त बसणं मला आता जमत नाही."

शब्द कडू होते आणि त्याने ते गिळले. त्याने स्टूल पुसून दिलं. सगळा वेळ तो तिला शिकवत होता. कुठली सुई कुठे टेकवायची, दिवे लावूनच का बघायचं, तार कशी हलवायची, काटा नुसता थरथरला तरी त्याचा अर्थ काय. तिने मला डाव्या हातात धरलं. रुग्णाची नाडी बघावी तशी ती माझ्याकडे बघत होती, ओठ मिटून, जराही घाई न करता. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. पुढे दर दोन महिन्यांनी ती यायची, आपली आपण गाडी तपासायची, धन्यवाद म्हणून जायची. त्यांच्यात जुन्या गप्पा पुन्हा कधी झाल्या नाहीत. पण तिचं स्टूल तो दुसऱ्या कुणाला बसायला देत नसे.

मग आकडे दाखवणारे नवे मीटर आले. गाडीला नुसतं जोडलं की दोषांची यादी वाचून दाखवणारी यंत्रं आली. मालकानेही एक घेतलं, घ्यावंच लागलं. माझी रवानगी खणात झाली, सुटे फ्यूज, जुने बल्ब आणि तुटक्या पकडींच्या शेजारी. मी तक्रार करत नाही. खूप वर्षं शून्यावरून उठलो आणि शून्यावर आलो, त्यालाही थकवा असतोच. दुःख इतकंच की खणात टाकताना, तारेतला अडथळा मोजायला माझ्या पोटात बसवलेला छोटा सेल काढायचा राहून गेला. सेल फुटला, त्यातलं पाणी झिरपलं आणि कारखान्यातल्या त्या बाईने श्वास रोखून बसवलेली बारीक तार हळूहळू हिरवी पडत गेली. आता काटा उठतो, पण अर्ध्यावर अडतो. परवा मालकाने खण उघडला, मला हलवून पाहिलं आणि सेलचं झाकण उघडून आत बघितलं. पाठमोरा होऊन म्हणाला, माझंच चुकलं. ही कबुली द्यायला त्याला आता वेळ लागत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू बाजूला ठेवताना आतला सेल तेवढा काढून ठेवत जा. त्याला एक मिनिट लागतं. आणि दमलेलं माणूस सांगत असेल की दिवे गेले होते, तर तुला झोप लागली असेल म्हणून त्याची समजूत घालू नका. आधी खाली वाका, बॅटरीपाशी हात घाला आणि ती तार हलवून बघा.